क्यूजीआयएस: एका बॅकएंडवाल्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतले लोक इथूनच सुटतील. क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचं आणि त्यांवर हिशोब करण्याचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, आणि नकाशांचं काम थोडंफार जरी मनापासून करायचं असेल तर हेच घ्या, दुसरं काही शोधत बसू नका. फक्त सुरुवातीला जाम वैताग येणार आहे. मला आला. त्यातला अर्धा वैताग सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे होता आणि अर्धा ते बरोबर वागत होतं म्हणून होता, आणि कुठला कुठला हे कळायलाच बराच वेळ गेला, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

मी पोटापाण्यासाठी पेमेंटच्या एपीआय लिहितो, भूगोलाशी संबंध दहावीच्या पेपरला संपला. पण राहतो आंबिल ओढ्याच्या पट्ट्यात, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीनंतर या पट्ट्यातल्या कुणालाच ओढा हा विषय लांबचा राहिलेला नाही. कात्रजच्या डोंगरातून निघून पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर, दत्तवाडी असं करत मुठेला मिळणारा हा ओढा, एरवी पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावायचा एवढीच त्याची ओळख, तो त्या रात्री सोसायट्यांच्या भिंती पाडून पार्किंगमधल्या गाड्या एकावर एक रचून गेला, आणि माणसंही घेऊन गेला. नंतर अतिक्रमण, भिंती, पालिका, ढगफुटी सगळ्यावर बोलून झालं. मला मात्र एक साधा प्रश्न सतावत होता, की बाबा या ओढ्यात पाणी नेमकं कुठल्या कुठल्या जमिनीवरून येतं? फोनमधल्या नकाशावर ओढा म्हणजे एक निळी रेघ, तीही मध्येच गायब. त्यांचा तरी काय दोष, तो नकाशा माणसांना रस्ता दाखवायला बनवलाय, पाण्याचा रस्ता दाखवणं हे त्याचं कामच नाही.

तर हे क्यूजीआयएस. २००२ मध्ये गॅरी शर्मन नावाच्या माणसाने अलास्कात बसून सुरू केलं, त्याला लिनक्सवर पोस्टजीआयएस डेटाबेसमधला नकाशा नुसता बघता येईल असं काहीतरी हवं होतं, एवढंच. १.० व्हर्जन यायला २००९ उजाडलं. २०१३ च्या २.० पर्यंत नाव क्वांटम जीआयएस होतं. वरचं सगळं सी प्लस प्लस आणि क्यूटी, प्लगइन पायथनमध्ये, आणि आतमध्ये जीडाल, प्रोज, ग्रास अशी त्याच्याहूनही जुनी इंजिनं बसवलेली आहेत. ग्रास तर अमेरिकन लष्कराच्या संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात सुरू झालेलं. हे सांगायचं कारण म्हणजे उघडल्यावर जे दिसतं ते यातून आलंय. जुन्या वाड्यासारखं आहे हे सॉफ्टवेअर, प्रत्येक पिढीने आपापली एक खोली काढली, जिना जिथे जागा मिळाली तिथे टाकला, आणि आता पाहुण्याला संडास कुठे हे सांगायला घरचा माणूस लागतो.

उदाहरणार्थ उतार काढायचा आहे. टूलबॉक्समध्ये 'स्लोप' टाइप केलं की क्यूजीआयएसचं स्वतःचं एक येतं, जीडालचं एक येतं, ग्रासचं आणखी एक. तिन्ही बरोबर. तिन्हींचे पर्याय वेगळे. क्लिपचीही (म्हणजे नकाशाचा तुकडा कापून घेण्याचीही) तीच गत, व्हेक्टरचं (बिंदू-रेघांचा डेटा) वेगळं, जीडालचं वेगळं, रास्टरचं (चौकोनांचा डेटा) आणखी वेगळं. माझ्या टीममध्ये कुणी एकाच कामाची तीन फंक्शनं ठेवली तर कोड रिव्ह्यूला मी त्याला उभा आडवा घेईन. आणि टूल चालवल्यावर जो लेअर, म्हणजे नकाशाचा थर, तयार होतो त्याचं नाव काय, तर 'क्लिप्ड'. पुन्हा चालवा, पुन्हा 'क्लिप्ड'. अर्ध्या तासात डावीकडच्या पॅनलमध्ये क्लिप्ड, क्लिप्ड, रिप्रोजेक्टेड, क्लिप्ड, बफर्ड अशी रांग लागते आणि त्यातलं कुठलं कशाचं हे एका देवाला ठाऊक. वर हे सगळे टेंपररी लेअर, सेव्ह केले नाहीत तर प्रोजेक्ट बंद केल्यावर गायब. बंद करताना विचारतं म्हणा, पण रात्री एक वाजता विचारलेल्या प्रश्नाला माणूस काय उत्तर देतो ते आपल्याला माहितीये.

हे झालं खरं वैतागणं. आता दुसरं, जे मला वैताग वाटलं पण नव्हतं.

पहिल्याच दिवशी ते विचारतं, सीआरएस कुठली? म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी पसरायची तो हिशोब. फोनवरच्या मॅपने आयुष्यात कधी हे विचारलेलं नसतं. इथे मात्र प्रत्येक लेअरला ते ठरलेलं असावं लागतं. पुण्यासाठी यूटीएमचा (पृथ्वीचे उभे पट्टे पाडणारी पद्धत) ४३ उत्तर झोन, त्याचा ईपीएसजी नंबर, म्हणजे सीआरएसचा कोड, ३२६४३. आणि गंमत म्हणजे महाराष्ट्र अख्खा एका झोनमध्ये बसतच नाही, ७८ अंश रेखांशाला चिरला जातो, म्हणजे अमरावती आपल्याबरोबर ४३ मध्ये आणि वर्धा, नागपूर ४४ मध्ये. राज्यभराचा डेटा एकत्र करणाऱ्याला हे पहिल्याच आठवड्यात भेटतं.

यात एवढं काय? तर बघा. समजा १०० हेक्टरची टेकडी आहे, तिची हद्द तुम्ही आखलीत आणि क्षेत्रफळ काढताय. वेब मॅपवाले जी प्रोजेक्शन वापरतात ती, ३८५७, तिच्यात सरळ सपाट हिशोबाने मोजलंत तर पुण्याच्या अक्षांशावर उत्तर ११-१२ टक्के जास्त येतं. टेकडी न वाढता १११ हेक्टर झाली! आणि लेअर अक्षांश-रेखांशात असेल, म्हणजे ४३२६, तर तेच फंक्शन ०.००००८५ असलं काहीतरी उत्तर देतं, चौरस अंश! चौरस अंश हे काय युनिट आहे का राव.

इथे क्यूजीआयएसच्या डिझाइनमधली एक खोच आहे आणि ती मला बिलकुल पटलेली नाही. क्षेत्रफळाची दोन फंक्शनं आहेत. एक डॉलर चिन्ह लावलेलं 'एरिया', ते पृथ्वीचा गोलवा धरून प्रोजेक्टमध्ये ठरवलेल्या युनिटमध्ये उत्तर देतं. दुसरं नुसतं 'एरिया', ज्याला भूमिती हातात द्यायची, ते लेअरच्या प्रोजेक्शनमध्ये सपाट मोजतं आणि वरचा घोटाळा करून ठेवतं. नाव जवळपास एकच, उत्तरं वेगळी, आणि दोन्हींपैकी एकही हूं की चूं करत नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय सगळं, नाही असं नाही. पण वापरणाऱ्याचं उत्तर चुकणार हे माहीत असताना ते फक्त डॉक्युमेंटेशनमध्ये लिहून ठेवणं याला आमच्याकडे 'नोन इश्यू' म्हणतात आणि स्प्रिंटमध्ये ढकलत राहतात. लेअर अंशात असेल तर एक पिवळी पट्टी दाखवा की वर. एवढंच मागणं आहे.

असो. ओढ्याकडे येतो.

पाणलोट काढायला आधी जमिनीची उंची लागते, म्हणजे डीईएम. सगळ्यात प्रसिद्ध एसआरटीएम, फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर हे स्पेस शटल अकरा दिवस रडार घेऊन पृथ्वीभोवती फिरलं आणि त्यातून जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली गेली. साधारण ३० मीटरचा एक चौकोन, त्या चौकोनाची एक उंची. फुकट मिळतं. इस्रोच्या भुवन या साइटवर त्यांचं कार्टोडेम आहे, युरोपवाल्यांचं कोपर्निकस आहे, तेही ३० मीटरचं, आणि बरंच नंतरच्या काळातलं. मी तीनही उतरवून घेतली, कारण फुकट दिसलं की आपण घेतोच.

जोडीला जुनी टोपोशीट. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात पुणे येतं ४७ एफ/१४ मध्ये, पण कात्रज येतं खालच्या ४७ एफ/१५ मध्ये. साडेअठरा अंशाची रेषा पर्वती-स्वारगेटच्या अगदी जवळून जाते आणि शीट तिथेच कापलंय. म्हणजे ओढा उगम पावतो एका कागदावर आणि नदीला मिळतो दुसऱ्या कागदावर. क्यूजीआयएसमधलं जिओरेफरन्सर वापरून दोन्ही स्कॅन जागेवर बसवता येतात, देवळाचा कोपरा, पूल, रस्त्यांचा क्रॉस अशा ओळखीच्या खुणांवर क्लिक करत जायचं आणि त्याच खुणा आजच्या नकाशावर दाखवायच्या. हे टूल म्हणजे निव्वळ सुख. प्रत्येक खुणेसमोर ती किती चुकली तो आकडा दिसतो, लाल रेघेने दिशाही दिसते, चुकलेली खूण काढून टाका, आकडा सुधारतो. ज्याने कुणी हे डिझाइन केलंय त्याला वापरणारा माणूस डोळ्यासमोर दिसत होता. बाकीच्या सॉफ्टवेअरला हा माणूस का नाही दिला काय माहीत.

मग ग्रासचं आर.वॉटरशेड. डीईएम द्या, ते प्रत्येक चौकोनातून पाणी कुठल्या शेजारच्या चौकोनात जाईल हे ठरवतं, वरून किती चौकोनांचं पाणी येतंय ते मोजतं, आणि त्यावरून ओढे आखतं. आणि इथे ते एक आकडा मागतं. थ्रेशोल्ड. किती चौकोनांचं पाणी जमलं की त्याला ओढा म्हणायचं? एक चौकोन ९०० चौरस मीटर, म्हणजे १,००० टाकलं तर ९० हेक्टर. १०० टाकलं तर ९ हेक्टर. १,००० टाकल्यावर नकाशावर मोजक्या रेघा येतात, छान, स्वच्छ, बिल्डरच्या ब्रोशरमध्ये छापण्यासारख्या. १०० टाकल्यावर अख्ख्या उतारावर फांद्या फुटतात, धनकवडीच्या बाजूने, तळजाईच्या बाजूने, प्रत्येक खळग्यातून एक रेघ.

कुठला आकडा बरोबर? सॉफ्टवेअर सांगत नाही. आणि मला आधी याचाच राग आलेला, की बाबा तू एवढं चाळीस वर्षांचं अनुभवी इंजिन, एक बरासा डीफॉल्ट द्यायला काय झालं. पण नंतर डोक्यात प्रकाश पडला की डीफॉल्ट दिला असता तर तो आकडा कुणी बघितलाच नसता. मी तरी नसता बघितला, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश करून नकाशा व्हॉट्सॅपवर टाकला असता. आणि त्या आकड्यावरच तर सगळं आहे! एखादा नाला 'नाला' आहे की नुसता खड्डा, त्याच्या कडेला जागा सोडायची की भिंत बांधायची, हे त्या खिडकीत टाइप केलेल्या एका संख्येतून निघतं.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, त्यांना लॅपटॉपवर दाखवायला नेलं. १०० वाला नकाशा. चष्मा कपाळावर सरकवून अगदी नाक लावून बघत होते. मग एका रेघेवर बोट ठेवलं.

"अरे, हा कुठला नाला काढलास तू? इथे काही नाहीये."

"काका, मी नाही काढला, उतारावरून कॉम्प्युटरने काढलाय."

"मग बरोबर आहे त्याचं. होता इथे. प्लॉट पडले तेव्हा बुजवला. पावसाळ्यात त्या गल्लीत गुडघाभर पाणी उगाच नाही येत." आणि लगेच शेजारच्या दुसऱ्या रेघेवर बोट, "हा मात्र साफ खोटा. इथे चढ आहे रे बाबा, पाणी काय डोंगर चढणार का?"

काकांचं दोन्हीकडे बरोबर होतं. दुसऱ्या रेघेचं कारण सोपं आहे, रडारला जमीन दिसत नाही, जे वर असेल ते दिसतं, झाडाचा शेंडा, इमारतीची गच्ची. सात मजली सोसायट्यांची रांग म्हणजे डीईएमच्या दृष्टीने एक टेकाड, आणि पाणी त्या टेकाडाला वळसा घालतं. वर ओढा दहा मीटर रुंद आणि चौकोन तीस मीटरचा, म्हणजे दाट वस्तीत ओढा चौकोनात दिसतच नाही. पण माझी तक्रार अशी की नकाशावर या दोन्ही रेघा सारख्याच निळ्या, सारख्याच ठसठशीत. खरी कुठली आणि अंदाजपंचे कुठली याचा काहीही मागमूस नाही. जिओरेफरन्सरमध्ये चूक किती ते दाखवणारं हेच सॉफ्टवेअर इथे ठाम चेहरा करून बसतं. शेवटी मी ओपनस्ट्रीटमॅपवरचे (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) ओढे क्विकओएसएम प्लगइनने खाली घेतले, टोपोशीटवरचे हाताने गिरवले, आणि तिन्ही एकमेकांवर ठेवले. जिथे तिन्ही जुळतात ती रेघ जाड, जिथे एकट्या डीईएमचं म्हणणं आहे ती तुटक. हे स्टायलिंग मात्र क्यूजीआयएसमध्ये इतकं सुंदर होतं की विचारू नका, रूल लिहायचा, एसक्यूएलच्या व्हेअर क्लॉजसारखा, झालं. आम्हा डेटाबेसवाल्यांना तर घरी आल्यासारखं वाटतं.

आकडा ठरवणारा नकाशा ठरवतो, हे फक्त गल्लीतल्या नाल्यापुरतं नाहीये. पश्चिम घाटाचा कुठला भाग पर्यावरणासाठी जपायचा, ते भांडण आठवा. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला तेव्हा अख्ख्या घाटावर ५ मिनिटं बाय ५ मिनिटंचे चौकोन टाकले होते, म्हणजे साधारण ९ बाय ९ किलोमीटरचा एक, प्रत्येकाला गुण दिले आणि मग संवेदनशीलतेच्या पातळ्या तालुक्यांना लावल्या. नंतर २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने २४ मीटरचा उपग्रह डेटा घेतला, एकक केलं गाव, आणि ज्या गावाचं २० टक्के किंवा जास्त क्षेत्र संवेदनशील निघालं ते गाव आत, बाकी बाहेर. सुमारे ६० हजार चौरस किलोमीटर. दोन्हीकडे डोंगर तोच, जंगल तेच. बदललं काय, तर चौकोनाचा आकार, एकक, आणि एक टक्केवारी. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर स्कीमा बदलला आणि एक कॉन्स्टंट बदलला. त्यावर केरळपासून सिंधुदुर्गापर्यंत किती मोर्चे निघाले ते आपण पाहिलंय. त्या मोर्च्यांमध्ये '२० टक्केच का, १५ का नाही' असं कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही, आणि तो दोष मोर्चेकऱ्यांचा नाही, छापलेल्या नकाशावर ते २० कुठे दिसतच नाही. क्यूजीआयएसमध्ये मात्र हे सगळं झोनल स्टॅटिस्टिक्स (प्रत्येक गावाच्या हद्दीतले चौकोन मोजणारं टूल) आणि एका फिल्टरच्या ओळीत घरी बसून करून बघता येतं. २० च्या जागी १५ टाका, ३० टाका, गावं आत-बाहेर होताना बघा. रविवारची दुपार मस्त जाते.

टेकड्यांचंही असंच. पुण्यात टेकडीवरच्या बांधकामाचा वाद निघाला, मग तो बीडीपीचा (टेकड्यांवरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण) असो की आणखी कशाचा, की १:५ हा आकडा येतोच, त्याहून जास्त उतार असेल तर बांधकाम नाही. १:५ म्हणजे २० टक्के, म्हणजे ११.३ अंश. आता क्यूजीआयएसचं स्वतःचं स्लोप टूल उत्तर देतं अंशात. जीडालच्या टूलमध्ये टक्क्यांचा चेकबॉक्स आहे, पण तो टिक केलेला नसतो. आणि तयार झालेल्या लेअरचं नाव नुसतं 'स्लोप', युनिट कुठेच नाही. आता कुणी भोळेपणाने त्यावर '२० पेक्षा जास्त' असा फिल्टर लावला तर काय होईल बघा, २० अंश म्हणजे ३६ टक्के उतार, म्हणजे ११.३ ते २० अंशांमधली सगळी जमीन, टेकडीचा पायथा आणि खालचा पदर, अलगद मोकळी होते. कुणाचाही वाईट हेतू नाही, कुणी काही लपवलं नाही, फक्त लेअरला युनिट नव्हतं. वर ३० मीटरच्या चौकोनात छोटे कडे सपाट होऊन जातात ते वेगळंच, म्हणून कायद्याच्या कामाला हा डेटा पुरत नाही, तिथे प्रत्यक्ष कंटूर सर्व्हे लागतो. पण वेताळ टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्या माणसाला आपल्या टेकडीचा उतार अंदाजे कुठे किती आहे हे कळायला हा चौकोन भरपूर झाला.

इतका वेळ नावं ठेवली, आता प्रोग्रामर म्हणून ज्याच्या प्रेमात पडलो ते सांगतो. प्रोसेसिंगची हिस्ट्री. तुम्ही टूलबॉक्समधून जे काही चालवलं, कुठल्या फाइलवर, कुठला आकडा टाकून, ते सगळं तारीखवार तिथे असतं, आणि त्याची पायथनची ओळ तयार मिळते. कॉपी करा, थ्रेशोल्ड बदला, पुन्हा चालवा, लूपमध्ये टाका. म्हणजे तुम्ही माऊसने चाचपडत असता आणि मागे कुणीतरी गुपचूप तुमची स्क्रिप्ट लिहून ठेवत असतं. माऊसवाल्या माणसाला कोडपर्यंत इतक्या प्रेमाने आणून सोडणारं दुसरं सॉफ्टवेअर मी तरी पाहिलं नाही. मॉडेल डिझायनरमध्ये तेच ठोकळे जोडून करता येतं, आणि ज्यांना कोडची भीती वाटते त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. प्रोजेक्टची क्यूजीझेड फाइल म्हणजे झिप आहे, आत साधं एक्सएमएल, आणि झिप न करता क्यूजीएस म्हणून सेव्ह केलं तर गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदणारं टूल) नीट टाकता येतं. फक्त लक्षात ठेवा, त्या फाइलमध्ये डेटा नसतो, डेटाचा पत्ता असतो. मित्राला नुसती क्यूजीझेड पाठवलीत तर त्याच्याकडे सगळे लेअर तुटलेले दिसतील आणि तो तुम्हाला फोन करेल. अख्खा फोल्डर पाठवा.

मराठीचं काय? लेबलं देवनागरीत व्यवस्थित येतात, जोडाक्षरं तुटत नाहीत, फाँट चांगला निवडा म्हणजे झालं. पण शेपफाइल या नकाशाच्या डेटाच्या जुन्या फॉरमॅटपासून लांब राहा. सरकारी डेटा अजून सर्रास शेपफाइलमध्ये येतो, तो वाचा, पण त्यात लिहू नका. जुन्या डीबीएफ फॉरमॅटमुळे कॉलमच्या नावाला १० बाइट मिळतात, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह युटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, म्हणजे कॉलमला मराठी नाव द्यायला जेमतेम ३ चिन्हं! 'ओढ्याचं नाव' लिहायला गेलात तर 'ओढ्' वर गाडी थांबते. एन्कोडिंगची फाइल हरवली की आतल्या मजकुराचीही प्रश्नचिन्हं होतात. ३.० पासून डीफॉल्ट जिओपॅकेज आहे, आतून साधी एसक्यूलाइट फाइल, एकाच फाइलमध्ये सगळे लेअर, नावं मराठीत बिनधास्त. हा डीफॉल्ट बदलल्याबद्दल त्या टीमला एक वडापाव माझ्याकडून.

फोनवर क्यूफील्ड नावाचं भावंड मिळतं, प्रोजेक्ट फोनवर टाकायचा आणि जागेवर जाऊन बिंदू टाकायचे, फोटो जोडायचे. टेकडीवरची झाडं नोंदवणाऱ्या ग्रुपला मी हेच सुचवलं. फॉर्ममध्ये झाडाचं नाव टाइप करायला न देता यादीतून निवडायला द्या, नाहीतर कडुनिंब, कडूनिंब, निंब, नीम असे एकाच झाडाचे चार प्रकार डेटात येतात आणि मग रविवार साफसफाईत जातो. आणि जे काही खात्रीचं मिळेल ते ओपनस्ट्रीटमॅपला परत द्या, फक्त ओढा आखताना पाण्याच्या दिशेने आखायचा, वरून खाली, तिथे तसा संकेत आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांचे नियम बरेच सैल केले, त्यामुळे आपल्या गल्लीचा नकाशा आपण बनवायला आता 'परवानगी आणा' असं कुणी म्हणत नाही.

काही व्यावहारिक गोष्टी पटापट. दर चार महिन्यांनी नवीन व्हर्जन येतं, त्याच्या मागे लागू नका, साइटवर एलटीआर (जास्त काळ सांभाळलं जाणारं स्थिर व्हर्जन) म्हणून लिहिलेलं घ्या. यूट्यूबवरचे जुने धडे बघताना सांभाळून, त्यात 'सागा' या आणखी एका इंजिनाची टूलं सर्रास वापरलेली असतात आणि ती आता मूळ इन्स्टॉलमध्ये येत नाहीत, प्लगइन घ्यावं लागतं, त्यामुळे 'माझ्याकडे हे बटणच नाही' असं होतं. ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप एका शहराच्या कामाला पुरतो. अख्ख्या जिल्ह्याचं रास्टर टाकलंत तर चहा करून या. पैसे भरून मिळणारी सॉफ्टवेअरं जास्त गुळगुळीत आहेत हे खरं, पण त्यांचं लायसन घरच्या कामासाठी कुणाच्या बापाला परवडतंय. आणि तुम्हाला नुसत्या दहा मिसळवाल्यांच्या जागा नकाशावर टाकून मित्रांना पाठवायच्या असतील तर हे सगळं विसरा, त्याला क्यूजीआयएस म्हणजे डोक्याला ताप, गूगलचं माय मॅप्स बस झालं.

पाचपैकी चार. अर्धा मार्क त्या दोन एरिया फंक्शनांसाठी कापला, अर्धा लेअरच्या नावांसाठी. रास्टर बनवताना टाकलेला आकडा आणि युनिट आपोआप लेअरच्या नावात किंवा निदान लेजंडमध्ये यावं असं मला फार वाटतं, म्हणजे नकाशा कुणाच्याही हातात गेला तरी तो कशाच्या जोरावर बोलतोय ते दिसेल. मी आता ते हातानेच करतो. काकांना शेवटचा जो लेअर पाठवला त्याचं नाव 'ओढे_१००चौकोन_३०मी_झोन४३', आणि त्यांचा रिप्लाय आला, "हे नाव आहे का गाडीचा नंबर?"